शेत विकण्याआधी भावाचा डावा हात बघा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. १४ महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडला, हेल्मेट नव्हतं. डोक्याच्या डाव्या बाजूचं हाड काढून आतलं रक्त काढलं, चार महिन्यांनी हाड परत बसवलं. तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होता. आता घरी आहे. डोळे उघडे असतात. कधी आईकडे बघतोय असं वाटतं, कधी नुसता आढ्याकडे बघत राहतो. जेवण पोटातल्या नळीतून. फिजिओथेरपीवाले रोज येतात, ‘उजवा हात उचल’ म्हणतात, तो काही करत नाही. फिनिटॉइन, क्लोनाझेपाम आणि बॅक्लोफेन चालू आहे. फिट एकदाही आलेली नाही. मावसभावानं अमेरिकेतल्या ‘मेंदूच्या पेसमेकर’ची बातमी पाठवली. सहा वर्षं पडून असलेला माणूस त्यानं बोलायला लागला म्हणे. एका मोठ्या रुग्णालयात विचारलं, तर ‘करून देऊ, साडेसोळा लाख लागतील’ म्हणाले. आमचं दीड एकर उसाचं रान आहे. गिऱ्हाईक इसार द्यायला तयार आहे, वडील विकायला निघालेत. काय करू?
— एक बहीण, वाळवा तालुका

उत्तर : ताई, वडिलांना इसार घेऊ देऊ नका. भावाची आशा सोडा, असं आम्ही म्हणत नाही. तुमच्या छोट्याशा पत्रातच चार-पाच गोष्टी अशा आहेत की त्या तपासल्याशिवाय मेंदूत इलेक्ट्रोड घालायला तयार होणं ही घाई आहे. आणि त्या तपासायला रान विकावं लागत नाही.

बातमी खरी आहे. ते संशोधन २००७ साली ‘नेचर’मध्ये आलं. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजचे न्यूरॉलॉजिस्ट निकोलस शिफ, मेंदूच्या पुनर्वसनातले जोसेफ जियाचिनो आणि क्लीव्हलंड क्लिनिकचे न्यूरोसर्जन अली रेझाई यांनी ३८ वर्षांच्या एका माणसावर ते काम केलं. मारहाणीत डोक्याला मार बसून तो सहा वर्षं ‘किमान जाणिवे’च्या अवस्थेत, म्हणजे जाणिवेच्या खुणा अधूनमधूनच दिसतात अशा अवस्थेत होता. मेंदूच्या मधोमध खोलवर थॅलॅमस नावाचा भाग असतो. त्याच्या मध्यवर्ती केंद्रात दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रोड बसवले. मग सहा महिने उपकरण महिनाभर चालू, महिनाभर बंद असं आलटून पालटून ठेवलं, आणि सध्या ते चालू आहे की बंद हे तपासणाऱ्यांना कळू दिलं नाही. चालू असताना तो जास्त जागा राहायचा, हातांवर ताबा यायचा, तोंडानं खायचा, शब्द बोलायचा. नळीवर सहा वर्षं काढलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण तो पूर्वीसारखा झाला नाही. त्याची देखभाल करायला माणूस लागतच राहिलं. शिवाय बातम्यांत एक गोष्ट बहुतेक वेळा गळते. शस्त्रक्रियेच्या आधीच तो अधूनमधून सांगितलेलं करत होता, आणि एमआरआयमध्ये भाषेचे भाग बरेचसे शाबूत दिसले होते. म्हणूनच त्याची निवड झाली.

त्याच गटाचं दुसरं काम डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलं. शस्त्रक्रिया स्टॅनफर्डचे जेमी हेंडरसन यांनी केल्या. रुग्ण पाच, वय २२ ते ६०, इजा होऊन ३ ते १८ वर्षं झालेली. हे लोक अंथरुणाला खिळलेले नव्हते. ते बोलत होते, आणि या प्रयोगाला संमती त्यांनी स्वतः दिली होती. लक्ष टिकत नाही, विचार मंदावलाय, वाचताना थकवा येतो, काम पूर्वीसारखं जमत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. दिवसाला १२ तास असं ९० दिवस उत्तेजन दिल्यावर आकडे आणि अक्षरं क्रमानं जोडत जाण्याच्या चाचणीत त्यांचा वेग १५ ते ५२ टक्क्यांनी सुधारला. नंतर एकाचं उपकरण त्याला कळू न देता बंद ठेवलं, तेव्हा तीन आठवड्यांत त्याचा वेग ३४ टक्क्यांनी घसरला. उपकरणाचा खरोखर परिणाम होतो, याचा हा चांगला पुरावा आहे. पण माणसं पाचच. आणि तुमचा भाऊ या पाचांसारखा नाही.

तो पहिल्या माणसासारखा आहे का, हे अजून कुणी नीट तपासलेलंच नाही. सगळं त्यावर अवलंबून आहे. क्रोएशियात झाग्रेबच्या डॉक्टरांनी अशा अवस्थेतल्या बऱ्याच रुग्णांवर हा उपाय केला. किमान जाणिवेतले काही जण पुढे सरकले, पण जाणिवेची कोणतीच खूण नसलेले बहुतेक जण होते तिथेच राहिले.

असं का होतं, ते समजून घ्या. जोरात आपटल्यावर मेंदूतले लांब तंतू सगळीकडे थोडेथोडे तुटतात. थॅलॅमसचं मध्यवर्ती केंद्र मेंदूच्या पुढच्या भागाशी दूरदूरपर्यंत जोडलेलं असतं, म्हणून सर्वांत जास्त फटका त्याच्या जोडण्यांना बसतो. मग पुढचा भाग जिवंत असूनही निपचित पडतो. विहिरीवरची मोटार धड असावी पण व्होल्टेज कमी मिळावं, तसं. डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, तुमच्या बातमीतला ‘मेंदूचा पेसमेकर’, हे व्होल्टेज वाढवतं. पण पाइपलाइनच जागोजागी फुटलेली असेल, किंवा मोटारच जळालेली असेल, तर वाढीव व्होल्टेजचा उपयोग नाही. म्हणून तंतू आणि मेंदूचा पृष्ठभाग किती शिल्लक आहे, हे आधी बघावं लागतं.

आता तुमच्या भावाकडे येऊ. हाड डाव्या बाजूचं काढलं, म्हणजे मुख्य इजा डाव्या बाजूला आहे. शरीराची उजवी बाजू डावा मेंदू चालवतो, आणि बहुतेक माणसांत भाषाही तिथेच असते. उजव्या हातात बळच नसेल, तर ‘उजवा हात उचल’ असं वर्षभर सांगूनही काही दिसणार नाही. उद्यापासून डाव्या हाताला सांगा. ‘डावा अंगठा वर कर’, ‘डोळे घट्ट मीट’, ‘जीभ बाहेर काढ’, अशा साध्या आज्ञा द्या. शब्दांचा अर्थ पोचत नसण्याचीही शक्यता आहे. म्हणून तीच कृती समोर करून दाखवा आणि त्याला नक्कल करू द्या.

घरी तपासायची पद्धत सांगतो, ती पाळली तरच निरीक्षणाला किंमत येते. क्लोनाझेपामच्या गोळीनंतर लगेच किंवा पोटात नुकतंच अन्न गेलेलं असताना करू नका. त्याला पाठीला टेकू देऊन नीट बसवा, टीव्ही आणि पंखा बंद करा, खोलीत दोनच माणसं ठेवा. खांदे, दंड, मांड्या, पोटऱ्या तीन-चारदा घट्ट दाबून जागं करा. मग एक मिनिट काहीही न बोलता नुसतं बघा आणि आपोआप कोणत्या हालचाली होतात त्या लिहा. हे मिनिट फार महत्त्वाचं आहे, कारण मुळात तो हात दर १५ सेकंदांनी हलवतच असेल तर तुमच्या आज्ञेनंतर हललेला हात काहीच सांगत नाही. नंतर एकच आज्ञा द्या आणि १० सेकंद थांबा. इजा झालेला मेंदू सावकाश उत्तर देतो. घाईनं आज्ञा तीनदा उच्चारली की आधी सुरू झालेली हालचालही मोडते. तीच आज्ञा चार वेळा द्या, मध्ये थोडा अवकाश ठेवा. चारपैकी तीन वेळा जमलं तर ती दखल घेण्याजोगी खूण आहे.

डोळ्यांसाठी आरसा घ्या. तळहाताएवढा, चेहऱ्यापासून चार ते सहा इंचांवर. हळूहळू उजवीकडे, डावीकडे, वर, खाली सरकवा. स्वतःचा चेहरा माणसाचं लक्ष सगळ्यात जास्त खेचतो. बोट किंवा टॉर्च फिरवून नजर हलत नाही, पण आरशामागे जाते असे रुग्ण असतात. नजर सलग, न तुटता आरशाबरोबर दोनदा गेली, तर तुमचा भाऊ निव्वळ ‘उघड्या डोळ्यांच्या बेशुद्धी’त नाही. आईकडे बघतोय असं तुम्हाला वाटतं ना, त्याची ही परीक्षा. प्रत्येक वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात तारीख आणि वेळ बोलून नोंदवा. हुकलेल्या वेळांचे व्हिडिओही ठेवा, फक्त चांगले निवडू नका.

अशा रुग्णांची प्रकृती दिवसात तीनदा बदलते, म्हणून एका भेटीत ठरवलेलं निदान चुकतं. बेल्जियममधल्या लिएजच्या गटानं २००९ साली दाखवलं की, डॉक्टरांच्या एकमतानं ‘जाणीव नाही’ ठरवलेल्या ४४ जणांपैकी १८ जणांमध्ये ठरावीक मोजपट्टीनं तपासल्यावर जाणिवेच्या खुणा सापडल्या. त्या मोजपट्टीला ‘कोमा रिकव्हरी स्केल – रिव्हाइज्ड’ म्हणतात. ऐकणं, बघणं, हालचाल, तोंड, संवाद आणि जागेपणा असे सहा भाग, ० ते २३ गुण. ती दोन आठवड्यांत किमान पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी करायची असते. साडेसोळा लाख सांगणाऱ्या रुग्णालयानं ही एकदा तरी केली का? पत्रात उल्लेख नाही. २०२४ साली तर ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये असंही आलं की बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जण एमआरआय किंवा ईईजीत (मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदीत) सांगितलेली गोष्ट मनातल्या मनात करताना पकडले गेले. म्हणून त्याच्या खाटेशेजारी काय बोलायचं, याचंही भान ठेवा. जमीन, खर्च, ‘याचं आता काय होणार’ ही चर्चा दुसऱ्या खोलीत.

औषधांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या भावाला जागं व्हायला सर्वांत मोठा अडसर कदाचित तिथेच आहे. त्या तिन्ही गोळ्या झोप आणतात. डोक्याला इजा झाल्यावर फिट येऊ नये म्हणून फिनिटॉइन देतात, पण त्या प्रतिबंधाचा फायदा पहिल्या सात दिवसांपुरताच सिद्ध झालेला आहे. एकदाही फिट आलेली नसेल, तर १४ महिन्यांनंतर ते का चालू आहे, हा प्रश्न न्यूरॉलॉजिस्टला स्पष्ट विचारा. दरम्यान रक्तातली फिनिटॉइनची पातळी आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तपासून घ्या. नळीतून अन्नासोबत दिलेलं फिनिटॉइन नीट शोषलं जात नाही, म्हणून कुणीतरी मात्रा वाढवतं. पुढे अन्नाच्या वेळा बदलल्या की पातळी चढते आणि रुग्ण सुस्त होतो. नेहमीची मर्यादा दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम आहे. पण अंगात अल्ब्युमिन कमी असेल तर आकडा ठीक दिसूनही औषध जास्त झालेलं असू शकतं. नळीवरच्या रुग्णांत हे नेहमी घडतं.

क्लोनाझेपाम आणि बॅक्लोफेन हात-पाय ताठरतात म्हणून दिलं असणार. त्याऐवजी जिथे ताठरपणा आहे त्याच स्नायूत बोटुलिनमचं इंजेक्शन, स्प्लिंट आणि रोजचं ताणणं यावर भागतं का, ते विचारा. त्यानं मेंदू झोपत नाही. पण यातली एकही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. बॅक्लोफेन किंवा क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर फिट येते, ताप चढतो, जीवावर बेतू शकतं. आठवड्यां-आठवड्यांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवायची.

पुढची तपासणी सीटी स्कॅनची. हाड काढलेल्या काही रुग्णांत मेंदूतलं पाणी साचून पोकळ्या फुगतात. हाड परत बसवल्यानंतर रुग्ण आणखी मंद झाला, ताठरपणा वाढला, तर हे आधी डोक्यात यायला हवं. नवा स्कॅन काढून जुन्याशी ताडून बघावा लागतो, म्हणून नुसता कागदी अहवाल न नेता जुन्या सगळ्या सीडी न्या. पाणी साचलं असेल तर शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी नळी, बसवून जो फरक पडतो, तो कुठल्याही पेसमेकरनं पडणार नाही.

रक्ताच्या तपासणीत सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसॉल, फ्री टी-४, टेस्टोस्टेरॉन आणि सोडियम घ्या. अपघातात मेंदूच्या तळाशी असलेल्या, इतर ग्रंथींना चालवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीला मार बसू शकतो आणि हे सहसा कुणी बघत नाही. फक्त टीएसएच करून ‘थायरॉइड नॉर्मल’ म्हणू नका. इथे बिघाड थायरॉइडमध्ये नसून वर पिट्युटरीत असतो, त्यामुळे टीएसएच बरोबर दिसू शकतं. कॉर्टिसॉल आणि फ्री टी-४ दोन्ही कमी निघालं तर आधी कॉर्टिसॉलची भरपाई, मग थायरॉइडची गोळी. क्रम उलटला तर रुग्ण कोसळू शकतो. सोबत एक ईईजी, कारण अंग न हलवता आतल्या आत चालणाऱ्या फिट्स असतात. आणि कानांची बेरा चाचणी, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी. कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर असेल तर माणूस बहिरा झालेला असू शकतो. त्याला ऐकूच येत नसेल तर तो आज्ञा पाळणार कशी?

अमँटाडीन नावाच्या स्वस्त गोळीबद्दलही विचारा. २०१२ साली जियाचिनो आणि सहकाऱ्यांनी १८४ रुग्णांवर तपासलं, आणि चार आठवड्यांच्या उपचारात सुधारणेचा वेग वाढलेला दिसला. तो पुरावा इजेनंतर ४ ते १६ आठवड्यांतला आहे. तुमच्या भावाच्या बाबतीत तो काळ उलटला आहे. तरी अनेक डॉक्टर आत्ताही प्रयत्न म्हणून देतात. १०० मिलिग्रॅम सकाळी आणि दुपारी, संध्याकाळी नाही, कारण रात्रीची झोप मोडते. मूत्रपिंडाची तपासणी आधी हवी, आणि फिटचा धोका थोडा वाढतो, म्हणून हीसुद्धा डॉक्टरांनीच सुरू करायची.

एवढं करूनही, आणि जाणीव आहे हे वारंवार दिसूनही, तो अडकून राहिला, तर डीबीएसचा विषय काढता येईल. पण तेव्हाही काही गोष्टी स्पष्ट हव्यात. पार्किन्सनमध्ये (कंपवातात) आणि नुसत्या थरथरीच्या आजारात हा उपचार सर्वमान्य आहे. अमेरिकेत थरथरीसाठी १९९७ आणि पार्किन्सनसाठी २००२ साली त्याला मंजुरी मिळाली. मेंदूच्या इजेसाठी तो अजून प्रयोग आहे. पार्किन्सनच्या रुग्णांत हात बसलेला सर्जनसुद्धा इथे अडखळतो. इलेक्ट्रोड साधारण १.२७ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि ज्या केंद्रात तो न्यायचा ते काही मिलिमीटरचं. इजा झालेल्या मेंदूत पोकळ्या मोठ्या झालेल्या असतात, थॅलॅमस आक्रसून सरकलेला असतो. नकाशातली जागा तिथे जुळत नाही. म्हणून २०२३च्या प्रयोगात प्रत्येक रुग्णाच्या मेंदूचं संगणकावर वेगळं प्रारूप करून मार्ग ठरवला गेला. पार्किन्सनचा रुग्ण ‘मुंग्या आल्या’, ‘थरथर थांबली’ असं टेबलावरच सांगतो. तुमचा भाऊ सांगू शकणार नाही, त्यामुळे इलेक्ट्रोडवरचा कोणता संपर्कबिंदू, किती तीव्रता हे ठरवायला अनेक आठवडे फेऱ्या माराव्या लागतात. रक्तस्राव शंभरात एक-दोघांना होतो. जंतुसंसर्ग त्याहून जास्त वेळा होतो, आणि झाला तर बऱ्याचदा उपकरण काढावं लागतं. त्याच डोक्यावर आधी दोन शस्त्रक्रिया झाल्यात, हेही धरा. साध्या बॅटरीला तीन ते पाच वर्षांनी बदलायची शस्त्रक्रिया लागते. साडेसोळा लाखांत ती धरलेली नसणार.

त्या रुग्णालयाला हे विचारा : कोणत्या केंद्रात इलेक्ट्रोड घालणार? डोक्याला मार बसलेल्या किती रुग्णांवर आजवर केलंय, आणि आधी-नंतरचे गुण काय होते? फरक उपकरणाचा की काळाचा, हे कसं ओळखणार, चालू-बंद करून बघणार का? हा संशोधनाचा भाग असेल तर सीटीआरआयमधला नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीचं पत्र दाखवा. सीटीआरआय म्हणजे आपल्या देशातली वैद्यकीय प्रयोगांची सरकारी नोंदवही. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो. म्हणजे प्रयोग असेल तर पैसे का मागताय, आणि प्रयोग नसेल तर पुरावा कुठला, या दोन्हींपैकी एकाचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल. कुणी ‘गॅरंटी’ म्हटलं तर तिथून उठा. असंच कुणी स्टेम सेलची इंजेक्शनं सुचवेल; मेंदूच्या इजेसाठी ती विकत देणं आयसीएमआरला मान्य नाही, मंजूर प्रयोगातच ती देता येतात.

पुढे कधी उपकरण बसलंच, तर घरी येणाऱ्या फिजिओथेरपीवाल्यांना एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगायची : शॉर्टवेव्ह डायथर्मीचा (विद्युतलहरींनी आतून ऊब देणारा) शेक शरीराच्या कुठल्याच भागाला द्यायचा नाही. तारेतून ऊर्जा मेंदूपर्यंत पोचून इलेक्ट्रोडच्या टोकाशी ऊती भाजतात. दातांच्या उपचारानंतर असा शेक घेतलेल्या एका रुग्णाच्या मेंदूला कायमची गंभीर इजा झाल्याची नोंद आहे.

जायचं कुठे? मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूरुग्णांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग. फोनवर आधी भरतीबद्दल विचारा, रुग्णाला घेऊन थेट जाऊ नका. पहिल्या भेटीला कागद आणि व्हिडिओ घेऊन एकानं जाणं पुष्कळ. सोबत घ्यायचं : दोन्ही शस्त्रक्रियांच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, सीटीच्या सगळ्या सीडी, गोळ्यांची नावं-मात्रा-वेळा, नळीतून कधी आणि काय देता याचा तक्ता, आणि निदान दोन आठवड्यांची आरसा-अंगठ्याची वही. फिनिटॉइनच्या पातळीसाठी रक्त पुढची मात्रा देण्याच्या अगदी आधी काढायला सांगा, नाहीतर आकड्याचा अर्थ लागत नाही.